पाहुणा, पुरुष, वय ४१

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी स्वतःला जरा शूर दाखवलं असतं.

रविवार, १७ फेब्रुवारी २०१९. डेन्मार्कमधल्या नाकस्कोव्ह गावातलं बोडिलमावशीचं घर. वेळ दुपारी सव्वादोन. भुतांना ही वेळ चालते का, हे मी विचारलं नाही.

मी कोपनहेगनला काम करतो. कोणत्या घरात कोण काय बघतं, याचे आकडे तपासतो. निवडक घरांत टीव्हीखाली एक छोटा मीटर असतो. बघायला बसलं की आपल्या नंबरचं बटण दाबायचं, त्याचा दिवा लागतो; उठताना पुन्हा दाबायचं. बाहेरचं कोणी आलं तर ‘पाहुणा’ दाबून पुरुष की बाई आणि वय भरायचं. त्यावरून घराची आवडनिवड कळते.

मावशीचं घर त्या यादीत होतं. काका गेल्यापासून ती एकटीच.

आणि नऊ दिवस तिथून रोज नोंद येत होती…

पाहुणा. पुरुष. वय ४१.

“आस्गेर, मावशीचं जमलं रे!” शेजारच्या टेबलावरचा येप्पे म्हणाला. “तेहेतीस वर्षांनी लहान! विचार की तिला, कसं जमवलं.”

मी हसलो. मग मिनिटामिनिटाचे आकडे काढून कार्यक्रमांशी ताडून पाहिले.

हसू थांबलं.

मालिका असो की सिनेमा, पडद्यावर कोणी दार उघडून घराबाहेर पडायला निघालं की…

चॅनेल बदलत होतं.

प्रत्येक वेळी.

कोणी आत आलं, तर मात्र नाही.

मावशी फोन उचलेना. रविवारी मी तिच्या दारात उभा होतो.

“आलास? बूट काढ आधी.” तिने कॉफी दिली. काळी.

“दूध?”

“संपलंय. आणायला जाते की रोज. पोचत नाही.”

टीव्ही चालू होता. मीटरवर दोन दिवे. एक तिचा.

“मावशी, दुसरा कोणाचा?”

“मला काय माहीत! बंद केला की परत लागतो. तुझा काका असता तर मी समजून घेतलं असतं. हा कोण उपटसुंभ?”

सोफ्याचा डावा कोपरा खोल दबलेला होता…

तिथे कोणीच बसलेलं नव्हतं.

“चल माझ्याकडे. आत्ता.”

तिने कोट घातला. मी बूट घातले. दाराच्या मुठीला हात लावला…

मी सोफ्यावर होतो.

हातात कप. भरलेला. गरम. पायात बूट नाहीत.

“संपलंय,” मावशी म्हणाली. “आणायला जाते की रोज. पोचत—” ती थांबली. “हे मी आधी बोलले का रे?”

मग खिडकीतून प्रयत्न केला. एक पाय बाहेर…

कप.

धावत गेलो. कप. डोळे मिटून गेलो. कप. सातव्या वेळी मी कॉफी पिऊन टाकली. वाया कशाला घालवायची?

मावशी मुसमुसायला लागली. “माझी अशीच नऊ दिवस दमछाक झाली रे. मी इथेच मरणार.”

तेव्हा आकडे आठवले. आत येणाऱ्याला तो अडवत नाही.

“मावशी, आपण आत येऊया.”

“आतच आहोत, गाढवा!”

“तोंड घराकडे, पाठ दाराकडे. उलटं चालायचं. आणि नुकतंच आल्यासारखं बोलायचं.”

“तुझी आई म्हणायचीच, हा पोरगा कामातून गेलाय.”

पण ती उभी राहिली. मी हात मागे नेऊन दार उघडलं. आम्ही रिकाम्या सोफ्याकडे बघून हसलो.

“नमस्कार! बरं झालं बोलावलंत!” मावशी सोफ्याला म्हणाली. एक पाऊल मागे.

“घर छान आहे हो तुमचं!” मी म्हणालो. आणखी एक.

टीव्हीचा आवाज हळूहळू कमी झाला…

कोणीतरी ऐकत होतं.

टाचेला उंबरठा लागला. पाठीवर थंड वारा आला. मावशी पायरीवर घसरली, मी तिला धरलं, आणि आम्ही दोघं रस्त्यावर होतो.

दार आपोआप लागलं. हळूच. पाहुणे आत आल्यावर यजमान लावतो तसं…

सोमवारी सकाळी त्या घराची नोंद आली. मावशी तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात अंडी उकडत होती.

सदस्य एक, बाई, ७४.

पाहुणा, पुरुष, ४१.

पाहुणा, पुरुष, २९.

मी एकोणतीस वर्षांचा आहे.

“हे घर बिघडलंय,” येप्पे म्हणाला. “कोणी उठतच नाही तिथून. यादीतून काढून टाकू?”

“नको!” मी इतक्या जोरात ओरडलो की त्याच्या हातातला पाव पडला.

त्याला काय सांगणार? काढलं तर कोणते आम्ही नाहीसे होऊ, तिथले की इथले, हे मलाच माहीत नव्हतं.

ते घर अजून यादीत आहे. तिथला एकोणतीस वर्षांचा पाहुणा रोज मासेमारीचा कार्यक्रम बघतो. पूर्ण.

मला मासेमारीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

आता कळायला लागलंय…