टाचेला बोटभर जागा

दुकानाचं दार ढकललं तसा कातड्याचा वास रोझलिनच्या नाकात शिरला. परत फिरावं असं वाटलं, पण दारावरची घंटा वाजून गेली होती. काउंटरमागच्या म्हाताऱ्या बाईंनी चष्म्यावरून तिला पाहिलंही होतं.

"ये पोरी. नवी टपालवाली ना तू? तुझ्या कापडी बुटांची कीर्ती गावभर झालीय."

या बर्निसआत्या. नात्याने त्या एकाच घराच्या आत्या होत्या, पण हाक मारायला अख्ख्या गावाच्या. नेब्रास्काच्या त्या वाळूच्या टेकड्यांत बूट घ्यायचे तर त्यांच्याकडेच, दुसरीकडे जायची सोयच नव्हती.

"रोज घालायला हवेत," रोझलिन म्हणाली. "गोखरूचे काटे टोचतात. आणि परवा एका घराबाहेरच्या टपालपेटीखाली साप होता."

"मग तो रोजचाच. त्याचीही पत्रं येत असतील," कोपऱ्यातून आवाज आला.

कोपऱ्यातल्या बाकावर एक उंच, उन्हाने रापलेला तरुण मोजे घालून बसला होता. एका मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. तिने तिकडे पाहिलं तसा त्याने घाईघाईने तो पाय दुसऱ्या पायामागे लपवला. ती हसणार होती... पण त्याच्या शेजारी भिंतीला टेकलेलं खोगीर दिसलं आणि हसू ओठांतच राहिलं.

नोकरीसाठी ओमाहा शहर सोडताना आईने तिच्याकडून एकच कबूल करून घेतलं होतं. घोड्याच्या जवळ जायचं नाही. आणि घोड्यावर बसणाऱ्याच्याही.

आत्यांनी तपकिरी जोड काढला. रोझलिनने पाय आत सरकवला, उभी राहिली, चार पावलं चालली. प्रत्येक पावलाला टाच आतल्या आत उचलली जात होती.

"हा मोठा होतोय."

"मोठा नाही, अगदी बरोबर आहे," बाकावरचा म्हणाला.

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोणीच नाही. पण माझे बूट आत्याने टाचा ठोकायला घेतलेत, तेव्हा पळून जाता येत नाही. बोलायचं नाही तर करायचं काय?" तो जरा पुढे वाकला. "नव्या बुटात टाच बोटभर उचलली जायलाच हवी. बुटाचा तळ वाकायला शिकला की ती बसते. पण बुटाने पाय आवळता कामा नये. कारण समजा, रिकिबीत पाय—"

"मला घोड्यावर बसायचं नाहीये," ती एवढ्या जोरात म्हणाली की आत्यांच्या हातातलं खोकं हललं. "मला टपाल वाटायचंय. याच्याहून लहान दाखवा. घट्ट."

आत्यांनी त्या तरुणाकडे पाहिलं, त्याने त्यांच्याकडे. मग आत्यांनी मुकाट्याने लहान जोड काढला. तो रोझलिनच्या पायाला असा चिकटला की हलेल तर शपथ. तिला बरं वाटलं. जे आपल्या पायात आपोआप सरकतं त्याचा काय भरवसा?

ती दारापर्यंत गेली तेव्हा तो म्हणाला, "मी थॅड. थॅड लिंडक्विस्ट. तुमच्या वाटेवरची शेवटची पेटी आमची."

ते तिला माहीत होतं. लिंडक्विस्टांच्या पेटीपर्यंत जाणाऱ्या रस्त्याला तारेचं कुंपण होतं आणि कुंपणाच्या खांबांवर उलटे घातलेले बूट होते. इकडे तशी रीतच आहे. कुणी काम सोडून गेलं, कुणी देवाघरी गेलं, नाहीतर बूटच झिजून गेले, की ते खांबावर उलटे घालतात. शेवटच्या दोन खांबांवरच्या जोडावर निळ्या दोऱ्याने तारा शिवला होता. रोझलिन लहान असताना त्या ताऱ्यावरून बोट फिरवत बाबांच्या पायाशी बसायची. ते बूट तिच्या बाबांचे होते. याच रानात त्यांचा पाय खोगिराच्या रिकिबीत अडकला आणि घोड्याने त्यांना फरफटत नेलं. त्यानंतर आई तिला घेऊन जी शहरात गेली, ती पुन्हा या टेकड्यांकडे फिरकली नाही. रोझलिन रोज त्या दोन खांबांजवळ आली की मान वळवायची आणि गाडीचा वेग वाढवायची.

आता मात्र त्या रस्त्याच्या टोकाला थॅड उभा असू लागला. कधी पेटीचा खिळा ठोकत, कधी काहीच न करता.

"आज तुमचं काही नाही," ती गाडीतूनच सांगायची.

"चालेल. उद्या येईल."

"कुणाकडून येणार आहे?"

"तेच तर कळत नाहीये. वाट बघणं आपलं काम."

तिला हसू यायचं आणि लगेच धडकी भरायची. कारण त्याच्यामागे कुंपणाला त्याचा घोडा बांधलेला असायचा, काळसर, तरुण, सारखे कान हलवणारा. परतीच्या वाटेवर ती स्वतःला बजावायची, उद्या पत्रं पेटीत टाकायची आणि निघायचं. पण रात्री डोळे मिटले की थॅडचं हसू दिसायचं आणि त्याच्यामागून रिकामं खोगीर घेऊन धावत येणारा घोडा. हा माणूस आपल्याला आवडायला लागलाय, हे तिला त्या भीतीवरूनच कळलं.

एका सकाळी टपाल कार्यालयात लिंडक्विस्टांच्या नावाचं भोकाभोकांचं खोकं आलं. आत कोंबडीची पिल्लं चिवचिवत होती. पिल्लं पेटीत टाकता येत नाहीत, घरी न्यावी लागतात. रोझलिन त्यांच्या घराच्या पायऱ्यांपाशी उतरली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. घट्ट बुटांनी टाचा सोलून काढल्या होत्या.

"कोंबड्या पाळता तुम्ही?" तिने खोकं पुढे केलं.

"मला कोंबड्यांचा तिटकारा आहे," थॅड म्हणाला. "पण पत्र आलं की तुम्ही पेटीवरूनच जाता." मग त्याचं तिच्या चालण्याकडे लक्ष गेलं. "पायाला काय झालंय?"

"काही नाही."

"बसा. काढा बूट."

"निघत नाहीत," ती कसंबसं म्हणाली. "काल ते घालूनच झोपले."

तो हसला नाही, याचं तिला फार बरं वाटलं. त्याने खोकं सावलीत ठेवलं, तिला पायरीवर बसवलं आणि तिच्याकडे पाठ करून तिचा एक पाय आपल्या गुडघ्यांमध्ये धरला.

"आता दुसऱ्या पायाने मला मागून ढकला."

"कुठे ढकलू?"

"पहिल्या दिवशी दुकानात जिथे लाथ घालावीशी वाटली होती, तिथेच."

तिने ढकललं. बूट निघाला आणि थॅड बुटासकट अंगणात तोंडावर आपटला. रोझलिन हसली, कित्येक दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसली. तोही धुळीने माखलेलं तोंड पुसत हसत परत आला... आणि तिच्या टाचेकडे पाहून थांबला. मोजा रक्ताने चिकटला होता.

"असल्या बुटात पाय कधी अडकला तर—"

"पुरे." तिचा आवाज चिरका झाला. "मला माहीत आहे पाय अडकला की काय होतं. तुमच्या कुंपणावर आहेत ते बूट. निळ्या ताऱ्याचे. माझ्या बाबांचे."

थॅड पायरीवर तिच्या शेजारी बसला, थोडं अंतर ठेवून.

"माहीत आहे मला. तुमचं हाव्लिक आडनाव ऐकल्यावर गावात सगळ्यांनाच कळलं. बोलायचं धाडस कोणाला झालं नाही. मलाही नाही."

"त्याच बुटांनी जीव घेतला त्यांचा. आणि तुम्ही ते शोभेला लावलेत."

"त्या बुटांनी?" त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुला कोणी सांगितलं हे?"

कोणीच सांगितलं नव्हतं. आई एवढंच म्हणायची, रिकिबीत पाय अडकला. बाकीचं एका लहान पोरीने मनाशी जुळवलं होतं.

"ते बूट त्यांच्या पायात नव्हतेच गं," थॅड हळू आवाजात म्हणाला. तो 'तू'वर कधी आला हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. "आठवडाभर पाऊस होता. तुझे बाबा आमच्या मदतीला आले होते. बूट भिजून चिंब झाले म्हणून इथेच, या पायऱ्यांवर, आत कागद कोंबून वाळत ठेवलेले. तेवढ्यात गुरांनी कुंपण तोडलं. त्यांनी माझ्या बाबांचे कामाचे बूट घातले आणि घोड्यावर उडी मारली. लेसचे होते ते. घोट्यापर्यंत करकचून बांधलेले." तो थांबला. "पाय अडकला आणि बूट निघाला नाही. ताऱ्याचे असते तर निघाला असता. हे बूट असतातच त्यासाठी. लेस नाही, टाच सैल... बूट मागे राहावा आणि माणूस सुटावा म्हणून. तेव्हापासून या घरात लेसच्या बुटात कोणी घोड्यावर बसत नाही. बाबांनी ते जाता-येता दिसतील असे लावले, ते आम्हाला विसर पडू नये म्हणून."

रोझलिन उठली. मग एक पाय बुटात आणि एक मोज्यात अशी लंगडत कुंपणाशी गेली. उन्हापावसाने कातडं कडक झालं होतं. तिने निळ्या ताऱ्यावरून बोट फिरवलं आणि मग तिला रडू आवरेना. थॅड मागे उभा होता. त्याने फक्त टोपी काढून हातात धरली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली तेव्हा बर्निसआत्यांनी काही न विचारता काउंटरखालून तपकिरी जोड काढला.

"विकला नाहीत?"

"थॅडने बजावलं होतं, गिऱ्हाईक आलं तरी द्यायचा नाही. तुझे आण इकडे. माझ्या नातीला होतील, तिचा पाय चिमणीएवढा आहे." आत्यांनी बोटाने तिची टाच चाचपली. "शनिवारी त्यांच्याकडे वासरांना मालकीच्या खुणेचा डाग द्यायचाय. शेजारपाजारचे सगळे जमतात. तुला बोलावलंय म्हणे."

"घोडे असतील."

"असतील. आणि त्यातल्या एकावर तो असेल. भीती वाटते?"

"खूप."

"मग भीत भीत ये. इथे कोण मोठं शूर आहे?"

ती गेली. वारा सुटला होता, केस जळल्याचा वास सगळ्या रानात भरला होता, वासरं आणि गाई एकमेकांना हंबरून हाका मारत होत्या. थॅड काळसर घोड्यावरून फास टाकून वासरं विस्तवाकडे ओढून आणत होता. रोझलिन कुंपणाला धरून उभी होती. तो दर खेपेला तिच्याकडे बघायचा आणि तिला वाटायचं, माझ्याकडे नको, समोर बघ.

नेमकं तेव्हाच जेवणाच्या टेबलावरचं ताडपत्रीचं छत वाऱ्याने सुटलं आणि फडफडत घोड्याच्या तोंडासमोरून गेलं.

घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. थॅड खाली आला, पण त्याचा डावा पाय आला नाही. घोडा उधळला आणि त्याच्यामागे धुळीचा लोट निघाला. रोझलिनच्या डोळ्यांसमोर एवढी वर्षं जे रोज रात्री यायचं, ते आता भर दुपारी घडत होतं.

आणि मग धुळीतून घोडा एकटाच बाहेर आला.

मागे थॅड उठून बसला होता, खोकत, एका पायात मोजा. लोक त्याच्याकडे धावले. घोडा मात्र कुंपणाला वळसा घालून सरळ रोझलिनच्या समोर येऊन थांबला, घामाने निथळत, थरथरत. त्याच्या रिकिबीत एक रिकामा बूट लोंबत होता.

तोही घाबरलाय, एवढंच तिच्या मनात आलं. ती कुंपणाखालून वाकून आत शिरली. तिने हात लांब केला, मागे घेतला, पुन्हा लांब केला... घोड्याचा गरम श्वास मनगटावर आला. तिने रिकिबीतून बूट सोडवला आणि तो छातीशी धरून चालत निघाली.

थॅड जमिनीवरच बसला होता. कोपर सोलवटलं होतं, बाकी धडधाकट.

"घाबरलीस?"

"अजून घाबरलेलीच आहे. गप्प बस आणि पाय पुढे कर."

"इतक्या लोकांसमोर?"

"पाय."

त्याने पाय पुढे केला. मोज्यातून तोच अंगठा बाहेर आला होता. तिने बूट चढवला.

"उभा राहा. चालून दाखव."

तो चार पावलं चालला, जरा लंगडत. तिने वाकून बुटाच्या मागे हात लावला.

"टाच उचलली जातेय?"

"बोटभर."

"रोज विचारणार आहे मी. तू घोड्यावर बसायच्या आधी, रोज."

"मग रोज सकाळी इथे असावं लागेल तुला," तो म्हणाला. त्याचा आवाज आता चेष्टेचा नव्हता. "दरवेळी पिल्लं मागवणं मला परवडणार नाही, रोझलिन. आधीच अंगणात पाय ठेवायला जागा नाहीये."

ती हसली आणि हसता हसता डोळे पुसले.

"मला भीती वाटतच राहणार, थॅड. ती जाईल असं समजू नकोस. तू मला फार आवडतोस म्हणून वाटते."

"वाटू दे. मलाही वाटते."

"तुला कसली?"

"तू पुन्हा घट्ट बूट घालून ओमाहाला जाशील याची."

तिने आपला तपकिरी बूट पुढे केला, टाच उचलून दाखवली आणि त्याच्या धुळीने भरलेल्या हातात हात दिला. मग दोघं मिळून घोड्याला आणायला गेली.