बुरुजाआधीची कामं

हाडांच्या विभागाबाहेरच्या बाकावर एक माणूस हनुवटीने खेळत बसला होता.

उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात दोन्ही बाजूंना बटणं असलेला छोटासा व्हिडिओ गेम, आणि उजवीकडची बटणं दाबायला हनुवटी. फिजिओथेरपिस्ट तिथून घाईघाईने चालली होती. थांबायला तिला मुळीच वेळ नव्हता. पण त्या वाकड्या मानेकडे बघून तिच्याच मानेत कळ आली.

"अहो, अशाने उद्या मान घेऊन याल माझ्याकडे."

"ते लाल बटण दाबा ना," तो वर न बघताच म्हणाला. "प्लीज... घोडा मरतोय."

तिने दाबलं. घोडा वाचला. मग त्याने वर पाहिलं आणि असा हसला, जणू घोडा खरा होता आणि त्याच्याच घरचा होता.

तो सर्व्हेअर होता. जमिनी मोजता मोजता एका भिंतीवरून पडला आणि मनगट मोडून बसला. प्लास्टर निघाल्यावर आठवड्यातून तीनदा तो व्यायामासाठी तिच्याकडे येऊ लागला, तेही बरोबर तिच्या जेवणाच्या सुट्टीआधीची वेळ मागून. व्यायाम झाला की दोघं मागच्या व्हरांड्यात बसत. डावी बटणं त्याची, उजवी तिची. तळहाताएवढ्या पडद्यात दोघांनी बघायचं म्हणजे खांद्याला खांदा लागणारच. त्याला इलाज नव्हता.

इलाज त्याच्या खेळण्यालाही नव्हता.

त्या खेळातल्या राज्याचा सूर्य एका दुष्ट राणीने बुरुजात कोंडला होता. बुरुजावर जायचं, राणीला हरवायचं, सूर्य सोडवायचा. विषय संपला. पण एकशे तीस तास खेळूनही हा गृहस्थ बुरुजाची एक पायरी चढला नव्हता. कुणा म्हातारीची शेळी हरवली, शोध. लोहाराला निळे दगड हवेत, आणून दे. नकाशाचा एक कोपरा बघायचा राहिलाय, चल तिकडे.

"जग बुडायला आलंय आणि तुम्ही शेळ्या काय शोधताय?" ती वैतागायची.

"म्हातारीने विश्वासाने सांगितलंय."

"म्हातारी खरी नाहीये."

"पण रडत होती बिचारी."

असल्या माणसापुढे काय डोकं फोडायचं... तिने एका हाताने कपाळ धरलं आणि दुसऱ्या हाताने शेळीसाठी कुंपणाचं दार उघडून दिलं.

मधेच तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं. खेळाडूंच्या दुखापतींचा विभाग. कितीतरी दिवस तिच्या मनात होता तो. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. आई रोज फोनवर विचारायची, "कळवलंस का गं?" आणि ती म्हणायची, "बघते." कसलं बघतेस, असं आईने विचारलं नाही हे नशीब. काय सांगणार होती ती?

तिने मनाशी ठरवलं, हा खेळ एकदाचा संपू दे. खेळ संपला की शेजारी बसायचं निमित्त संपेल, मग तरी हा तोंड उघडेल. नाही उघडलं तर सरळ बॅग भरायची.

पण खेळ म्हणजे भिजत घोंगडं. सोमवारी मासे पकडायची शर्यत निघाली. बुधवारी एका सैनिकाचं प्रेमपत्र नदीपलीकडे पोचवायचं होतं.

"त्याने स्वतः जाऊन बोलावं ना," ती म्हणाली.

"घाबरत असेल."

"सैनिक असून?"

"लढाईला नसेल घाबरत..." त्याने पडद्यावरची नजर हलवली नाही, पण त्याचे कान लालबुंद झाले.

तिला ते कान धरून पिळावेसे वाटले.

त्याच दिवशी त्याची आत्या गुडघा दाखवायला आली होती. दोघांना शोधत ती व्हरांड्यात आली, बाकावर टेकली आणि कौतुकाने म्हणाली, "हात अगदी पहिल्यासारखा केलास हो याचा. परवा माझं लोखंडी कपाट एकट्याने सरकवलं. स्कूटर तर पंधरा दिवस चालवतोय."

धरणी दुभंगली असती तर तो पोटात शिरला असता.

फिजिओथेरपिस्टने त्याला खडसावायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुठल्या तोंडाने बोलणार? मनगट बरं झाल्याचं तिने तीन आठवड्यांपूर्वीच स्वतःच्या बोटांनी तपासलं होतं. तरी कार्डावर 'व्यायाम चालू ठेवावा' असं तीच लिहीत आली होती. त्याचा वैताग होताच, आता त्यात स्वतःचाही मिसळला.

शुक्रवारी तिने सगळा खेळ त्याच्या दोन्ही हातांत ठेवला.

"आज बुरूज. आणि उजवी बटणंही तुम्हीच दाबायची."

"एक विहीर बघायची राहिलीय—"

"त्या विहिरीत ढकलेन तुम्हाला."

तो मुकाट्याने बुरूज चढला. आणि काय सांगावं, दोन्ही हात असे सराईत चालले की जिचा इतके दिवस बाऊ केला ती राणी सहा मिनिटांत आडवी झाली. सूर्य सुटला. पडद्यावर पिवळा उजेड पसरला आणि खेळ बनवणाऱ्यांची नावं वर सरकायला लागली... शेकडो नावं.

ती वाट बघत राहिली. नावं सरकत राहिली.

"काही बोलणार आहात, की या सगळ्यांची हजेरी घ्यायचीय?"

"शेळी मला पहिल्याच दिवशी दिसली होती," तो हळूच म्हणाला. "मासे, पत्र, सगळं... उगाच काढलं होतं मी. संपू नये म्हणून."

"मग बोलला का नाहीस?"

तुम्हीचं तू कधी झालं ते तिच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं. त्याने खेळ बाकावर पालथा ठेवला.

"मला तू आवडतेस. फार... आणि तू नाही म्हणालीस, तर इकडे खेळासारखं पुन्हा मागून सुरू करता येत नाही."

तिने हे ऐकायची इतके दिवस वाट पाहिली होती, पण आज शुक्रवार होता, कळवायचा दिवस.

"मी दुसऱ्या शहरात चाललेय," ती म्हणाली. "तीन तासांवर. नोकरी मला हवीय. तुझ्यासाठी सोडणार नाही."

त्याने पालथा ठेवलेला खेळ उचलून बंद केला. तेवढा वेळही तिला त्याच्या सगळ्या खेळाहून लांब वाटला.

"सोडू नकोस," तो म्हणाला. "जमिनी तिथेही असतीलच मोजायला. काम मिळेपर्यंत दर रविवारी येत जाईन. पुढचं मग आत्या तुझ्या आईशी बोलेल."

"आत्या काय बोलेल? आधी मला विचार."

"विचारतोय ना... आवडतो का मी तुला?"

"आवडतोस," ती म्हणाली. "नाहीतर इतका राग कशाला आला असता?"

त्याने उजवा हात पुढे केला आणि तिने तो धरला, तपासायला म्हणून नव्हे.

आतून कुणीतरी तिला हाक मारली. दोन पेशंट ताटकळले होते.

"आले," ती म्हणाली, आणि उठली नाही.