चार-दहाची नोंद

खरं तर तो फोन माझा नव्हताच. गिऱ्हाइकांचे फोन घेणारी जेवायला गेली होती, घंटा वाजून वाजून डोकं उठलं, म्हणून मी उचलला. मी आमच्या बॅकअप प्रोग्रॅमचं आतलं काम बघते. माणसांशी बोलायला मला कुणी ठेवलेलंच नाही.

"तुमचा प्रोग्रॅम रोज दुपारी सुरू होतो आणि चार वाजून दहा मिनिटांनी थांबतो," पलीकडचा आवाज म्हणाला. शांत, जरा घोगरा. "तक्रार नाहीये... नुसतं सांगतोय."

तक्रार नाही तर फोन कशाला करायचा? पण त्या आवाजावर मला चिडताच येईना.

तो व्हायोलिन दुरुस्त करायचा. दुकानावरच्या खोलीत एक जुनी हार्ड डिस्क होती, आणि तिच्यात त्याच्या आईचा आवाज. आई अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. आठ महिन्यांपूर्वी ती गेली. तीनशे बारा रेकॉर्डिंग मागे राहिली, आणि दुसरी प्रत कुठेच नाही.

आमच्या प्रोग्रॅमचा डिबग लॉग असतो, म्हणजे त्याने काय काय केलं याची बारीक डायरी. त्याच्याकडून आलेल्या डायरीत एवढंच होतं: कॉपी थांबली. का थांबली, देव जाणे. मग मी साहेबांच्या मागे लागले (त्यांना आम्ही मुकादम म्हणतो) की या लॉगमध्ये कॉम्प्युटरची तब्येतही लिहूया. डिस्कचं तापमान, वीज, मेमरी, दर मिनिटाला.

"दवाखाना काढायचाय का तुला?" मुकादम म्हणाले. पण करू दिलं.

नवा लॉग रोज यायला लागला. पाठोपाठ फोनही.

"आज तब्येत कशी आहे?" तो विचारायचा.

"डिस्कची की माझी?"

"डिस्कची लिहून येते ना..."

मी गालातल्या गालात हसायचे, आणि शेजारची मैत्रीण भुवया उडवायची.

तिसऱ्या दिवशी मात्र हसू मावळलं. तिन्ही लॉगमध्ये एकच गोष्ट होती. चार-नऊ, डिस्क एकसष्ट अंश. चार-दहा, डिस्कची वीज बंद. कॉम्प्युटर मात्र चालू.

"डिस्कचं भिंतीवरचं बटण बंद असतं," तो म्हणाला. "संध्याकाळी वर गेलो की मीच लावतो."

"मग बंद कोण करतं?"

"खोलीला कुलूप असतं. किल्ली माझ्या खिशात." मग म्हणाला, "आई... चारला झोपून उठायची. मग घरभर बटणं बंद करत फिरायची. म्हणायची, तापलंय ते, जरा विसावा घेऊ दे त्याला."

भर दुपारी, भरल्या ऑफिसात, माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून गेले. दुकानात सरस आणि लाकडाचा वास, तारा नसलेली व्हायोलिनं टांगलेली. तो आवाजापेक्षा तरुण निघाला. गालावर भुसा होता आणि तो पुसायला माझा हात शिवशिवत होता. वर एक खुर्ची, टेबलावर आईचा चष्मा. खिडकीवर पाऊस बारीक वाजत होता.

चार-आठ. चार-नऊ. खाली दुकानात एक तार आपसूक झणकारली. जिन्याची पायरी करकरली, मग दुसरी. माझ्या घोट्यांना गार काहीतरी लागून पुढे गेलं... भिंतीकडे.

टक. बटण बंद.

मी त्याची बाही घट्ट धरली होती. "भीती नाही वाटत तुम्हाला?"

"आईची कसली भीती?" मग तो हळूच म्हणाला, "एक सांगू? हे दुरुस्त करू नका. प्रत पूर्ण झाली तर ती कशाला येईल?"

आता कळलं, तक्रार का नव्हती ती. मी लॉग त्याच्यापुढे धरला.

"रोज एकसष्टलाच बंद होतंय, बघा. आणखी थोडी तापली तर ही डिस्क कायमची जाईल. त्या तुम्हाला भेटायला येत नाहीयेत हो, आवाज वाचवायला येताहेत. आणि आमचा प्रोग्रॅम रोज पहिल्यापासून सुरू होतो. ती चूक माझी. तिच्यापायी त्यांना रोज जिना चढावा लागतो."

त्याने टेबलावरचा चष्मा उचलून शर्टाला पुसला. "गुडघे दुखायचे तिचे," शेवटी म्हणाला. "करा."

मी प्रोग्रॅमला शिकवलं: दहा मिनिटं काम, वीस मिनिटं विसावा, आणि थांबलास तिथूनच पुढे. चौथ्या दिवशी मी पुन्हा त्या खोलीत होते. मोबाइल तिथेच चार्जिंगला लावला. चार वाजून दोन मिनिटांनी लॉगमध्ये ओळ उमटली: प्रत पूर्ण.

चार-दहा झाले. काही नाही. चार-अकरा. जिना गप्प. तो बटणाकडे बघतच राहिला, आणि त्याचा तो चेहरा मला बघवेना.

"आली नाही," तो म्हणाला.

"मी येईन की," मी म्हणाले. "रोज, चार-दहाला. लॉगचं निमित्त आता संपलं, म्हणून सरळच सांगते... मला तू आवडतोस."

"तू?" डोळे भरलेले असताना तो हसला. "कालपर्यंत तुम्ही होतो मी."

"नको असेल तर—"

"हवंय," तो घाईने म्हणाला, आणि माझा हात हातात घेतला. "या खोलीची दुसरी किल्ली कालच करून आणलीय. द्यायचा धीर होत नव्हता."

टक.

दोघांनी एकदमच भिंतीकडे पाहिलं. डिस्कचं बटण चालूच होतं. शेजारचं, माझ्या चार्जरचं, बंद झालं होतं. मी मोबाइल उचलला. तो पूर्ण चार्ज झाला होता, आणि चांगलाच तापला होता.