काचेमागचा माणूस

दुधाचं यंत्र त्या सकाळी मुकं होतं. शैलजा आवटींनी बरणी नळाखाली धरली, लिटरभर दूध पडलं, हिरवा दिवा लागला आणि विझला. कालपर्यंत हे यंत्र "धन्यवाद, सावकाश जा" म्हणायचं, आणि तेही शैलजाबाईंच्याच आवाजात.

"बिघडलंय काय ओ?" मागच्या बाईनं विचारलं.

"नाही. आत्ता कुठं दुरुस्त झालंय," शैलजाबाई म्हणाल्या.

या क्षणाची त्यांनी फार वर्षं वाट पाहिली होती. पण बरणी उचलताना खांद्यातून कळ गेली, तेवढंच काय ते जाणवलं. आनंद कुठे वाटेत अडकला होता कोण जाणे.

एके काळी त्या सांगलीतल्या एका ध्वनिमुद्रण केंद्रात मुलांच्या गोष्टी आणि शाळेचे धडे वाचायच्या. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक मगदूम बसायचे. कानाला हेडफोन, समोर चहाचा कप, आणि जरा कुठे शब्द घसरला की, "ताई, एकदा परत." वीस वर्षं त्यांनी हे ऐकलं आणि निमूटपणे परत परत वाचलं. मग एके दिवशी मगदूमांनी ते सगळं मुद्रण त्यांना न विचारता एका कंपनीला विकलं. कंपनीने त्यातून शैलजाबाईंचा स्वरठसा काढला. ठसा म्हणजे आवाजाचा साचा. त्यात कुठलंही वाक्य ओतलं की ते त्या माणसाच्या आवाजात बाहेर पडतं. लिफ्ट, दुधाची यंत्रं, झुरळांच्या औषधाच्या जाहिराती, सगळीकडे शैलजाबाई बोलू लागल्या आणि खऱ्या शैलजाबाईंचं काम बंद झालं. भाजीवालीशी घासाघीस करायला गेल्या तरी लोक हसायचे. पुढे त्यांनी बाहेर बोलणंच टाकलं.

आता स्वरहक्काचा कायदा आला होता. ज्याचा आवाज, त्याने अंगठा टेकवला की ठसा मुका. शैलजाबाईंनी तो आदल्या दिवशीच टेकवला होता. अधिकारी तस्नीम मुजावर दुपारी टॅब घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा गावोगावचे सगळे आवाज गप्प झाले होते.

"मॅडम, एकच राहिलंय. मिरजेत," ती म्हणाली. "ते यंत्र नाही, माणूस आहे. नियमानं तुम्हाला भेटावं लागेल."

माणसाचं नाव ऐकून शैलजाबाईंनी चप्पल घातली.

मिरजेच्या घराचं दार सुमनवहिनींनी उघडलं, भिंत चाचपत. मगदूमांच्या बायकोची दृष्टी गेल्याचं शैलजाबाईंना माहीत नव्हतं.

"कोण?"

"मी शैलजा आवटी."

"अगंबाई! मला वाटलं, हेच बोलले," वहिनी हसल्या. "या, बसा की."

मगदूम खुर्चीत बसले होते. गळ्याभोवती राखाडी कंठपट्टी होती. कर्करोगात त्यांचं स्वरयंत्र काढलं होतं. उरलेल्या स्नायूंची हालचाल पट्टी टिपायची आणि त्यांच्या वतीने बोलायची.

"या ताई," ते म्हणाले, शैलजाबाईंच्या आवाजात.

शैलजाबाईंच्या अंगावर काटा आला. "तुमचा स्वतःचा आवाज कुठे गेला?"

"कुणी घेतलाच नाही. मी कायम काचेमागं. रुग्णालयातल्या पट्टीत मराठी आवाज एकच होता."

"दुसरा ठसा बसवता येतो," तस्नीम हळूच म्हणाली. "पण पट्टी यांच्या गळ्याला सरावली आहे. पुन्हा पहिल्यापासून शिकायला सात-आठ महिने जातील. तोवर यांना बोलता येणार नाही. आणि वहिनींना लिहिलेलं दिसत नाही."

तिने टॅब पुढे केला. दोन चौकोन होते: ‘मूक’ आणि ‘राहू द्या’. एकदा दाबलं की बदल नाही.

"का विकलात?" शैलजाबाईंनी विचारलं.

"गाडी घेतली. लाल," मगदूम म्हणाले. "ताई, माझी चूक झाली. मला माफ करा."

ते ऐकून शैलजाबाईंचं डोकंच फिरलं. ‘लिफ्ट बंद आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत,’ अगदी तोच गुळगुळीत सूर! मगदूमांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गळ्यातून सूचना प्रसारित होत होती.

"मगदूम, हे काय वाचन आहे?"

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा लिफ्टच.

"तो सूर ठशात नाहीच," तस्नीम म्हणाली. "तुम्ही धडे दिलेत, गोष्टी दिल्यात. माफी कधी दिली नाहीत. आवाजाच्या मालकानं समोर बसून दोन-चार वाक्यं दिली तर पट्टी शिकते. पण त्यासाठी आधी ‘राहू द्या’ दाबावं लागेल."

"म्हणजे यांनी माझी माफी मागायची, तर आधी मी ती मागून दाखवायची?"

"माझीपण माफी धड मागता येत नाही त्यांना," सुमनवहिनी म्हणाल्या. "भांडलो की मला माफ कर म्हणतात, आणि वाटतं, दूधच घ्यायला आलेय."

शैलजाबाईंचा अंगठा ‘मूक’वर येऊन थांबला. इतकी वर्षं मनात धरलेला डूख याच माणसासाठी होता. राग नव्हता असं नाही, पण तो उचलून धरायला हातात बळ उरलं नव्हतं. उद्या या घरात एक माणूस भिंत चाचपेल, दुसरा नुसते ओठ हलवेल, आणि आपण सकाळी दूध आणायला जाऊ. खांदा तसाच दुखेल.

"मी माफ केलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि ‘राहू द्या’ दाबलं. "पण इतकं वाईट वाचन माझ्या आवाजात नको. वहिनी, पंखा बंद करा."

मगदूमांनी सवयीने बोट वर केलं आणि ‘सुरू करा’ म्हणून खाली आणलं.

"माझी चूक झाली. मला माफ करा," शैलजाबाईंनी वाचल्यासारखं म्हटलं.

मगदूमांनी मान हलवली. "ताई, एकदा परत."

या माणसाची हिंमत! शैलजाबाईंना हसू आलं आणि रडूही. त्यांनी डोळे मिटले. यावेळी कसला विचार केला नाही, फक्त इतक्या वर्षांचा शीण त्या वाक्यात उतरू दिला. पश्चात्तापाचा सूर शिणाच्या इतका जवळ राहतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"माझी चूक झाली. मला माफ करा."

मग मगदूमांचे ओठ हलले. तेच वाक्य, तोच सूर, तोच मध्येच तुटलेला श्वास.

पंख्याच्या बटणावर हात ठेवून उभ्या असलेल्या सुमनवहिनींनी आवाजाच्या दिशेने चेहरा वळवला.

"हे आत्ता कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं. "आणि कुणाला?"