राखणदाराचा दिवा

वसंत परब तळघराच्या फरशीवर पालथे पडले होते. हात पुढे पसरलेले, चष्मा बाजूला. उशाशी राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा दगड, त्याला तेलात कालवलेला ताजा शेंदूर. दगडापुढे पितळी दिवा. तेल काठोकाठ, वात पांढरीशुभ्र, आणि ज्योत नाही.

"बघा मॅडम," निलेश हवालदार हळूच म्हणाला, "राखणदार माणूस नेतो ना, तेव्हा आधी दिवा विझवतो. आमच्या गावाला पण..."

"राखणदाराचा जबाब नंतर घेऊ, निलेश. आधी माणसांचे घे."

सब-इन्स्पेक्टर संघमित्रा तांबेची जीभ अशीच तिखट. पण खरं सांगायचं तर तिलाही तिथे बरं वाटत नव्हतं. परळच्या बंद गिरणीतलं हे तळघर. पूर्वी इथे कापसाच्या गाठी रचत. आता स्टीलची पिंपं होती आणि जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण. प्रत्येक रांजणातून आवाज येत होता. बुड. थोडं थांबून पुन्हा बुडबुड. द्राक्षाचा रस आंबतोय, दुसरं काही नाही, हे तिला कळत होतं. तरी कुणीतरी तोंडातल्या तोंडात बोलतंय असं सारखं वाटत होतं.

तिचा बाप असाच पुटपुटत गेला होता. चाळीतल्या खोलीत, हातभट्टीची विषारी दारू पिऊन. तेव्हापासून तिने पंचशीलातलं नशा न करण्याचं पाचवं शील घट्ट धरलं आणि दारूच्या वासाशी वैर धरलं. इथे तो वास भिंतींत मुरलेला होता. काम आटपून कधी एकदा वर जाते असं तिला झालं होतं.

"गुदमरून गेलेत," डॉक्टर म्हणाले. "अंगावर ओरखडासुद्धा नाही."

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वसंतरावांची कापडी पिशवी होती. आत उघडलेली वाइनची बाटली, बूच परत बसवलेलं. संघमित्राने ती बरोबर घेतली.

वर लोकांना वाइन चाखवायचा हॉल होता. टेबलांवर पांढरी कापडं आणि प्रत्येकावर एक बॅटरीचा दिवा, प्लॅस्टिकच्या ज्योतीचा, भरदिवसाही लुकलुकणारा. एका कापडावर दिव्याशेजारी नारिंगी डाग होता.

"काल टेस्टिंग होतं. ऑरेंज वाइन सांडली असेल," राजस प्रधान म्हणाला. हा वसंतरावांचा भागीदार. माल बनवायचे ते, विकायचा हा. शर्टाला इस्त्री, केसांना इस्त्री, बोलण्यालाही इस्त्री.

"प्रेत पहिल्यांदा तुम्ही पाहिलंत?"

"हो. सकाळी आलो. काका खाली पडलेले. बेसिकली अ‍ॅक्सिडेंट आहे, मॅडम. रस आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. हवेपेक्षा जड, तळाला साचतो. म्हणून रात्रभर पंखा लागतो. पंखा बंद होता."

"तो कोण लावतं?"

राजसने आवाज खाली आणला. "श्रेया. त्यांची मुलगी. तिला प्लीज काही बोलू नका. पोर आधीच खचलीय."

"किल्ल्या कुणाकडे असतात?"

"काका, श्रेया आणि मी. पण मी काल लवकर निघालो. श्रेया मागे होती."

"आणि आज आल्यावर?"

"आधी पंखा लावला, फुटपाथकडची काचेची झडप उघडली. हवा खेळल्यावर खाली उतरलो. तोवर उशीर झाला होता." त्याने घड्याळ पाहिलं. "दुपारी बाहेरच्या देशातून खरेदीदार येतायत. त्यांना काय सांगू, तेच कळत नाहीये."

संघमित्राने मनात नोंद केली. माणूस मेला होता आणि याला पाहुण्यांची पडली होती. पण नुसतं कोडगेपण हा गुन्हा नव्हे.

श्रेया कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. पंचविशीची मुलगी. रडत नव्हती, आणि तेच वाईट होतं.

"मीच मारलं त्यांना," ती म्हणाली. "मी पंखा लावला असं मला आठवतंय. पण खरंच लावला, की रोज लावते म्हणून आठवतंय? बटणावर हात गेलेला आठवतोय, मॅडम. कालचा की परवाचा, ते नाही आठवत."

"श्रेया, दिवा विझला की बाबा काय करायचे?"

तिने मान वर केली. "खाली उतरायचे नाहीत. कधीच नाही. लोकांना सांगायचे, राखणदार नको म्हणतोय. मला मात्र खरं सांगितलं होतं. जड हवा तळाला भरली की ज्योत जगत नाही. जिन्याच्या वरून बघायचं, दिवा जळतोय तर उतरायचं. आजोबा या गिरणीत होते, राखणदाराला दिवा तेच लावायचे. बाबा रसायनशास्त्र शिकले, पण दिव्याची जागा नाही बदलली. म्हणायचे, देवाक देव, नि मापाक माप."

"मग आज विझलेला दिवा पाहून उतरले कसे?"

श्रेयाने पुन्हा मान खाली घातली. "राजस म्हणतो, वय झालं होतं, विसरले असतील."

संघमित्राने पिशवीतली बाटली पुढे ठेवली. लेबलवर 'गिरणगाव नारिंगी' असं लिहिलेलं.

"ही काय, संत्र्याची?"

त्याही दुःखात मुलगी किंचित हसली. "सगळे हेच विचारतात. पांढऱ्या द्राक्षांचीच. पांढरी वाइन करताना साल लगेच काढून टाकतात. बाबा ती महिनोन् महिने रसातच ठेवायचे, रांजणात. म्हणून रंग चढतो. तऱ्हा हजारो वर्षांची आहे, जॉर्जियात अजून रांजण पुरतात. बाबांनी ती आपल्या चवीची केली. गोडी काढली, थंड करून द्यायला लागले, बांगड्याच्या तिखल्याबरोबर. पहिल्या घोटाला लोक तोंड वाकडं करतात. मग एक घास, मग दुसरा घोट. कोऱ्या चहासारखी जीभ धरते, तोंड साफ करते, पुढचा घास मागते. मजा त्या धरण्यातच आहे."

संघमित्रा ऐकत राहिली. दारूबद्दल कुणी स्वयंपाकासारखं बोलू शकतं, हे तिने कधी ऐकलं नव्हतं. तिच्या बापाने चव म्हणून कधी घोट घेतला असेल का, हा विचार उगाच मनात आला आणि तिने तो बाजूला सारला.

"बाबांशी शेवटचं बोलणं?"

"काल मी माझ्या घरी गेल्यावर त्यांनी त्यांच्या घरून फोन केला. म्हणाले, 'ही जीभ धरणा नाय गो. सकाळी पाव्हण्यांक मीच सांगतलंय.' म्हणजे मीच सांगेन. मी पाहुण्यांसाठी भाषण लिहून दिलं होतं. मला वाटलं, त्यातले शब्द त्यांच्या जिभेवर बसत नाहीत."

"ही बाटली चाखशील? गिळू नकोस, थुंकलीस तरी चालेल."

श्रेयाने घोट तोंडात फिरवला. तिच्या कपाळाला आठी पडली. उठून तिने कपाटातली जुनी बाटली काढली, तिचा घोट घेतला, मग पुन्हा पहिलीचा.

"ही आमची नाही," ती हळूच म्हणाली. "पांढऱ्या वाइनला नुसता रंग दिलाय. जीभ धरतच नाही."

बाहेर फुटपाथवर, तळघराच्या झडपेला लागून रखमाची भजी-चहाची गाडी. पंखा याच झडपेच्या वरच्या भोकातून हवा बाहेर टाकायचा. निलेशने आधीच तिथे चहा मारला होता आणि भुताची बातमी मिळवली होती.

"माका विचारा," रखमा म्हणाली. "पहाटे गाडी लावूक इलंय, तेव्हा राखणदार जागो होतो. खाली दिवो पेटत होतो. लुकलुक, लुकलुक. मी काचेतून हात जोडले."

"काचेतून? झडप बंद होती?"

"होय तर! कधी बंद करणत नाय ते. आज काच लावलेली."

"आणि पंखा?"

"सकाळी नव्हतो. काल सांजेक होतो मेलो! माझो स्टो विझवता म्हणून रोज पत्रो आडवो लावतंय. कालय विझलो, मगे लावलो."

"श्रेया गेली तेव्हा?"

"ता गेला, माका टाटा केल्यान. मगे कितीतरी वेळ मी भजी तळत होतंय. गाडी आवरूनच पत्रो काढलो. तोवर पंखो चालूच."

संघमित्रा पत्र्याकडे पाहत राहिली. काळा, तेलकट, वाकलेला. या पत्र्याइतका चोख साक्षीदार तिला नोकरीत भेटला नव्हता.

प्रेत हलवल्यावर ती पुन्हा तळघरात गेली. दिव्यापुढे उकिडवी बसली आणि वातीवर बोट फिरवलं. बोटाला काजळी लागली नाही. रांजण पुटपुटत होते. या खेपेला तिला भीती वाटली नाही, राग आला.

दुपारी तिने सगळ्यांना जिन्याच्या तोंडाशी बोलावलं. पाहुण्यांना राजसनेच फोन करून थोपवलं होतं. पंखा तिने मघाच बंद करायला लावला होता, झडपही. निलेशने पितळी दिवा पेटवून तारेला बांधला आणि हळूहळू खाली सोडला.

ज्योत जिन्याच्या मध्यापर्यंत सरळ होती. मग आखडली. फरशीच्या हातभर वर असताना कुणी फुंकर घालावी तशी विझली. रखमाने पदर तोंडाला लावला. खालच्या अंधारातून नुसती बुडबुड ऐकू येत होती.

"ज्या हवेत माणूस गुदमरला, त्या हवेत दिवा जळत नाही," संघमित्रा म्हणाली. "पण रखमाताईंना पहाटे दिवा दिसला. वसंतरावांनाही दिसला, म्हणूनच ते उतरले."

"ती बाई काहीही बोलते," राजस म्हणाला. "उचलली जीभ लावली टाळ्याला."

"असेल. पण तुम्हाला सापडलेला दिवा विझलेला होता ना? विझलेल्या दिव्याची वात काळी असते, प्रधान. ही कोरी होती. हा दिवा पेटलाच नव्हता. मूळ दिवा कुणीतरी उचलला, त्यातलं तेल सांडलं, वात पडली. परत ठेवताना त्याने नवं तेल घातलं, नवी वात घातली. घरात कधी दिवा लावला नसावा त्याने. नाहीतर वातीचं टोक जाळायचं सुचलं असतं."

राजसने कॉलर सारखी केली.

"मधल्या वेळात तिथे काय लुकलुकत होतं?" तिने निलेशला खूण केली. दुसरी तार खाली गेली. तिच्या टोकाला टेबलावरचा बॅटरीचा दिवा होता. तो फरशीला टेकला आणि तसाच हलत राहिला, मेलेल्या हवेत, जिवंत ज्योतीसारखा. श्रेयाच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली.

"हे दिवे कुणीही नेऊ शकतं," राजस म्हणाला.

"बरोबर. म्हणून सगळे उलटे करून पाहिले. आपल्यात म्हणतात ना, दिव्याखाली अंधार. त्या डागाच्या टेबलावरच्या दिव्याखाली नारिंगी चिकटा होता. सकाळी मीही वाइन म्हणूनच सोडून दिला. पण वाइन पाण्याने निघते. हा निघाला नाही. हा शेंदूर आहे, तेलातला. राखणदाराच्या पुढ्यातून उठून हा दिवा पाहुण्यांच्या टेबलावर जाऊन बसला. आणि रात्रभर टिकावा म्हणून आत सेल नवे घातलेत. बाहेरून पुसलात तो तुम्ही. सेल पुसायचे राहिले. त्यांवर बोटांचे ठसे आहेत."

राजसची इस्त्री पहिल्यांदा मोडली. त्याने दाराकडे पाहिलं. दारात निलेश उभा होता.

"तुम्ही वसंतरावांच्या लेबलखाली रंगवलेला माल भरलात. काल त्यांनी तो चाखला. पाहुण्यांसमोर खरं सांगणार, असं तुम्हालाही सांगितलं असणारच. सकाळी ते रांजणातली खरी वाइन काढायला उतरणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. रखमाताई गेल्यावर तुम्ही परत आलात. पंखा चालू होता, हवा चांगली होती. दिवा बदललात, झडप लावलीत, पंखा बंद केलात आणि घरी जाऊन झोपलात. सकाळी हवा खेळल्यावर दिवे पुन्हा बदललेत."

"रांजणातून निघते तरी किती?" राजस एकदम ओरडला. "चार लोक पितात आणि वा म्हणतात! जगाला रंग पाहिजे, फोटो पाहिजे. ती जीभ धरते की नाही, कोण विचारतं? एक म्हातारा सोडून कुणाला कळलंही नसतं!"

"मला कळलं असतं," श्रेया म्हणाली.

निलेशने त्याला नेलं. बूट वाजत गेले आणि मग गिरणीच्या आवारात सामसूम झाली.

श्रेया जिन्याच्या पायरीवर बसून होती. संघमित्रा तिच्या शेजारी बसली. या वासात आपण आपणहून बसू, असं तिला सकाळी कुणी सांगितलं असतं तर तिने वेड्यात काढलं असतं.

"मॅडम, एकच सांगा. पंखा..."

"तू लावला होतास."

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय?"

संघमित्रा उठली आणि तिने भिंतीवरचं बटण दाबलं. पंखा घरघरला. तळघरातली हवा हलली, झडपेच्या भोकातून बाहेर लोटली.

थोडाच वेळ गेला असेल. फुटपाथवरून रखमाचा आवाज आला.

"गो श्रेया! पंखो लावलंस तर आधी सांग तरी! कालच्यासारखो स्टो विझलो ना माझो!"

श्रेयाने दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि ती सकाळपासून पहिल्यांदा रडली. पोटभर, हुंदके देऊन. संघमित्रा तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. रडणं ओसरल्यावर श्रेयाने डोळे पुसले, पितळी दिव्यात वात सारखी केली, काडी ओढली, आणि ज्योत हाताच्या आडोशाने जपत एकेक पायरी खाली उतरली. दिवा राखणदारापुढे ठेवला. तो जळत राहिला.