खाली राहिला

खाणींतल्या अपघातांच्या जुन्या नोंदी सरकारने सगळ्यांसाठी खुल्या केल्या. खुल्या म्हणजे कपाटाची किल्ली फेकून दिली, इतकंच. आत एक नाव शोधायचं तर माणसाच्या नाकी नऊ यायचे. म्हणून ते कागद संगणकावर चढवून शोधायची सोय करण्याचं काम माझ्याकडे आलं. खोलीत मी आणि पंखा. दोघंही दिवसभर कुरकुरायचो.

अडचण एका शब्दाची होती. लोक शोधणार ‘मृत’, आणि नोंदींत तो जवळजवळ नाहीच. खाणीत कुणी मेला म्हणत नाहीत. ‘खाली राहिला’ म्हणतात. तेच लिहायचे. मी यंत्राला शिकवलं, दोन्ही एकच समज.

माझे बाबाही खाली राहिले. खाणीत पाणी घुसलं तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून आईने दाराला आतून कडी लावलेली नाही. “राहिलेत म्हणाले. मेलेत असं कुठे म्हणाले?” हे तिचं पालुपद. आता ती थकलीय, दिवसभर घरात एकटी असते. मागच्या महिन्यात चोर आत शिरला आणि काही न सापडून छत्री घेऊन गेला. पुढचा इतका गरीब स्वभावाचा असेलच असं नाही. तिने कडी लावावी, एवढंच मला हवं होतं.

चाचणीसाठी ‘मृत’ शोधलं. भराभर नोंदी आल्या. त्यांच्या वर निळी ओळ होती: तुम्हाला असं म्हणायचं होतं का: खाली राहतो.

मला हसू आलं. यंत्राचं व्याकरण कच्चं. पण ते पदरचं काही सुचवत नाही, नोंदींतलेच शब्द सुचवतं. मी ‘राहतो’ शोधलं. एकाही नोंदीत नव्हतं. सूचना पुसून टाकली आणि चहा पिऊन आले. ती परत आली होती.

मग मी बाबांचं नाव टाकलं. एकच नोंद निघाली. शेवटी ‘खाली राहिला’, आणि शेजारी मी शिकवलेला अर्थ: मृत. मला रडू फुटलं. इतक्या वर्षांत तो शब्द त्यांच्या नावापुढे कुणी लावला नव्हता. मीच लावला.

आईला फोन केला.

“मृत लिहिलंय? सरकारी नोंदीत?”

“हो.”

“बरं. लावते मग कडी.”

फोन ठेवून पाहिलं तर निळी ओळ बदलली होती.

तुम्हाला असं म्हणायचं होतं का: ठमे, आईला कडी लावू देऊ नकोस.

मला ठमी एकच माणूस म्हणायचा.

मी तशीच घरी धावले. दार आतून बंद होतं. हाका मारल्या, तेव्हा आईने उघडलं.

“मघाशी कुणीतरी कडी वाजवत होतं,” ती म्हणाली. “किती वेळ. तू नव्हतीस, तू हाक मारतेस.”

“मग?”

“नाही उघडलं. म्हटलं, आता कोण यायचं राहिलंय?”

बाहेर कडक ऊन होतं. मी बाहेरची कडी हातात धरली. ती गार होती आणि ओली होती.