उसना आवाज

दिवाळीची सुट्टी संपून विद्यापीठ उघडलं, तेव्हाची ही गोष्ट. कोल्हापूरच्या चहूबाजूंनी त्या दिवसांत गुऱ्हाळं पेटलेली असतात. दुपारी वारा पडला की काकवीचा गोडसर वास कुठून तरी हळूहळू चालत येतो आणि वर्गात बसलेल्यांच्या पापण्या जड करतो. अशाच एका पेंगुळलेल्या दुपारी प्रियदर्शनी मगदूम ग्रंथालयाच्या पायऱ्या चढली.

शिरोळकडची मुलगी. घरी उसाची शेती, आणि ती समाजशास्त्रात एम. ए. करत होती. ग्रंथालयाचा तिच्याइतका पुरेपूर उपयोग करून घेणारं वर्गात दुसरं कुणी नव्हतं. पुस्तक बाहेर गेलेलं असलं की नाव लावून ठेवायची, महापुराच्या वर्षांची जुनी वर्तमानपत्रं काढायला लावायची, दुसऱ्या विद्यापीठांतले प्रबंध मागवून घ्यायची. काउंटरवरच्या अरुणा मॅडम तिला लांबूनच ओळखत.

"तुला हवं ते पुस्तक खाली आहे," त्या म्हणाल्या. "यशराज घेऊन बसलाय. एकच प्रत आहे बघ. वाचून दाखवायला कुणी मिळेना त्याला. तू देशील वाचून? दोघांचंही काम होईल."

यशराज तिच्याच वर्गातला, मुरगूडचा. लहानपणी तापात त्याची नजर गेली होती. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची सोय तळमजल्यावर होती. एक छोटी खोली, भिंतींना जाड कापडाचं अस्तर, खिडकी नाही. एक टेबल, संगणक, माइक आणि हेडफोन. दार लावलं की बाहेरचं जग पुसून टाकल्यासारखं व्हायचं. स्वतःचा श्वासही परका वाटावा, इतकी तिथली शांतता दाट होती.

यशराज पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. पानांवरून नुसतीच बोटं फिरवत होता.

"मी प्रियदर्शनी. तुझ्याच वर्गातली."

"म्हाईत हाय की. सरांना सारखं प्रश्न विचारतीस ती," तो हसला. "मोबाइलमधली बाई वाचती मला, पण जोडाक्षर आलं की अडकती बिचारी. तुझा आवाज ब्येस हाय."

आवाज खरंच चांगला होता तिचा. पर्युषणात गावच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, ती स्तोत्र म्हणायला लागली की बाहेर चपला काढणारी माणसं तिथंच थबकायची. मोठेपणी रेडिओवर निवेदन करायचं, हे तिनं शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं.

मग रोज दुपारी, तास संपले की, ती त्या खोलीत जाऊन वाचू लागली. वाचलेलं संगणकात साठायचं, यशराज ते मोबाइलवर घेऊन वसतिगृहावर जायचा. वाचता वाचता तिला एक विलक्षण गुंगी यायची. शब्द तोंडातून निघायचे आणि अस्तरात बुडून जायचे, जणू कुणी ते ओंजळीत झेलून घेत होतं. खोलीत अधूनमधून भाजलेल्या काजूचा वास यायचा. खमंग, किंचित करपलेला. ती पान उलटायची आणि वाचत राहायची. बाहेर आलं की उन्हं उतरलेली असायची आणि आपण झोपून उठलोय असं वाटायचं.

एक दिवस यशराज म्हणाला, "कालचं प्रकरण लई भारी वाचलंस. जातीवरचं. डोळ्यांसमोर उभं राहिलं बघ."

"ते कुठं वाचलंय मी? ते उद्याचं आहे."

"असं कसं? हे ऐक की."

त्यानं मोबाइल लावला. आणि प्रियदर्शनीच्या अंगावर हळूहळू काटा आला.

आवाज तिचाच होता. तिचाच श्वास, तिच्यासारखंच 'ळ'वर रेंगाळणं. पण तिनं न वाचलेली पानं तो वाचत होता. आणि किती मायेनं... उशाशी बसून आजाऱ्याला वाचून दाखवावं तसं. प्रकरण संपलं. थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग तोच आवाज हलकेच म्हणाला, "ऐकतोस न्हवं?"

"हे... हे मी नाही," ती म्हणाली.

यशराजचा चेहरा उतरला. "रोज शेवटी इचारतीस की तू. मी व्हय म्हणतो."

त्या दिवसापासून तिचा घसा बसायला लागला. आधी नुसती खरखर, मग बोलता बोलता शब्द विरून जाऊ लागले. ज्येष्ठमध चघळून झालं, हळदीचं दूध झालं. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, म्हणाले, घसा एकदम स्वच्छ आहे. वर्गात सेमिनार होतं, त्यात ती उभी राहिली आणि पुटपुटल्यासारखी बोलून खाली बसली. सर म्हणाले, "प्रियदर्शनी, तोंडी परीक्षेला असं चालणार नाही हं." मैत्रिणी हसल्या नाहीत, त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

तरी ती जात राहिली. यशराजची परीक्षा तोंडावर आली होती आणि दुसरं कुणी वाचणारं नव्हतं, हे तर होतंच. पण खरं सांगायचं तर दुपार झाली की तिचे पाय आपसूक तळमजल्याकडे वळायचे. त्या खोलीतली गुंगी तिला हवीहवीशी झाली होती. गंमत अशी की ती वाचायची, त्या वेळच्या ध्वनिमुद्रणात आता फक्त पानांची सळसळ असायची. आणि न वाचलेली प्रकरणं मात्र एकामागून एक तयार सापडायची. स्वच्छ, गोड, तिच्या आवाजात.

शेवटी एकदा ती अरुणा मॅडमच्या काउंटरवर गेली आणि कुजबुजत्या स्वरात तिनं विचारलं, "मॅडम, खाली कुणी काजू भाजतं का?"

अरुणा मॅडमच्या हातातला शिक्का तसाच राहिला.

"तुलाही आला वास?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तिला आतल्या बाजूला घेतलं. "माझ्या आधीची गोष्ट आहे. मी नोकरीला लागले तेव्हा जुन्या लोकांकडून ऐकलेली. कॅसेटचा काळ होता. आजऱ्याची एक मुलगी वाचायला यायची, स्नेहल नावाची. घरी काजूचा कारखाना. कपड्यांना कायम तो वास. फार सुंदर वाचायची म्हणे. तू वाचतेस तेच पुस्तक चाललं होतं. शेवटचं प्रकरण राहिलं, आणि घाटात जीप उलटली..."

"आणि तिच्या कॅसेट?"

"आहेत की कपाटात. पण नंतर त्यांच्यावर दुसरी पुस्तकं भरली कुणी कुणी. तेव्हा तसंच करायचे गं, कॅसेट वाया कशाला घालवायची म्हणून. तिचा आवाज आता कुठंच नाही."

काचेबाहेर ऊन पिवळं पडलं होतं. आवारातल्या झाडांची पानं हलत नव्हती.

यशराजला तिनं सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे त्याच्या कानाशी पुटपुटली.

"जाऊ नको तिथं," तो म्हणाला. "परीक्षा गेली खड्ड्यात. पुढच्या वर्षी देईन मी."

"शेवटचं प्रकरण आलं का तुझ्याकडं?"

"न्हाय. तेवढंच न्हाय आलं. त्याच्या आधीपातुर सगळं हाय."

"म्हणजे तिला ते येत नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "तिनं ते वाचलेलंच नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाली गेली. यशराज हट्टानं दाराबाहेर बसला. म्हणाला, "काय झालं तर दार वाजीव. वाजवायला काय आवाज लागत न्हाय."

तिनं दार लावलं. शांतता अंगावर आली, कोमट पाण्यासारखी. काजूचा वास आज इतका दाट होता की जिभेवर चव जाणवावी. तिनं हेडफोन कानाला लावले. माइक चालू केला, पण पुस्तक उघडलं नाही. ती नुसती ऐकत बसली.

आधी काहीच नव्हतं. मग श्वास... तिच्या श्वासाच्या थोडा मागे चालणारा.

"स्नेहल?" तिनं ओठ हलवले.

बऱ्याच वेळानं हेडफोनमध्ये तिचाच आवाज उमटला. स्वच्छ. थोडासा नवलात पडल्यासारखा.

"कोण स्नेहल?... मी प्रियदर्शनी."

उठावं, दार वाजवावं असं वाटलं. पण पाय जड झाले होते, झोपेत होतात तसे. आणि त्या गुंगीतच तिला जाणवलं की त्या आवाजात वाईट काही नव्हतं. त्यात नुसती वाट पाहणं होतं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांसाठी वाचायचं, 'ऐकतोस न्हवं' म्हणून विचारायचं, आणि स्वतःला वाचून दाखवणारं कुणीच नाही...

"पुढचं तुला माहीत नाही ना?" प्रियदर्शनी म्हणाली. "मी वाचते. तू ऐक."

तिनं शेवटचं प्रकरण उघडलं. पहिली पानं तर नुसती हवाच होती. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. घशात काचा रुतल्यासारखं होत होतं. ती थांबली नाही. रुक्ष होतं ते प्रकरण, गावं सोडून गेलेल्या माणसांबद्दलचं. घरं मागे टाकून दुसऱ्यांच्या गावात राहायला गेलेली माणसं, त्यांची बोली, त्यांची हळूहळू बदलत जाणारी नावं. पण ती ते असं वाचत होती की जणू बस्तीत स्तोत्र म्हणतेय. मागचा श्वास एकतानतेनं ऐकत होता. पान उलटायच्या आधी तो किंचित अडायचा, लहान मुलाचा अडतो तसा. कधी तरी एका शब्दावर तिचा आवाज लागला. खरखरीत, पण तिचा. मग पुढच्या ओळीवर. मग सलग.

बाहेर बसलेल्या यशराजनं नंतर सांगितलं की अस्तराच्या भिंतीतूनही त्याला ते ऐकू येत होतं, आणि मधेच त्याला वाटलं, आत दोघी आहेत.

शेवटची ओळ झाली. प्रियदर्शनीनं पुस्तक मिटलं.

"ऐकलंस न्हवं?" तिनं विचारलं.

हेडफोनमध्ये काही नव्हतं. खोलीतला वासही गेला होता. नुसता जुन्या कापडाचा आणि धुळीचा वास राहिला होता.

पुढचं सगळं सरळ झालं. आवाज दोन-चार दिवसांत पूर्वीसारखा खणखणीत झाला. शेवटचं प्रकरण यशराजच्या मोबाइलवर नीट उतरलं, त्याच्या शेवटी कुणी काही विचारलं नाही. त्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, असं तो स्वतःच म्हणाला. अरुणा मॅडमनी खोलीत उदबत्ती लावली आणि कुणाला सांगू नका म्हणाल्या. तोंडी परीक्षेत प्रियदर्शनी बोलायला लागली तेव्हा बाहेरून आलेले परीक्षक प्रश्न विचारायचे विसरून ऐकत राहिले.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी ती ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर येऊन बसली. पुस्तकं परत करून झाली होती. हात मोकळे होते, डोकं हलकं होतं. काकवीचा वास येत होता. संध्याकाळच्या एस.टी.नं गावी जायचं होतं, म्हणून तिनं आईला फोन लावला.

"अव्वा, सुटले गं बाई."

"आता आणि काय राहिलं सांगायचं?" आई हसली. मागे भांड्यांचा आवाज येत होता. "आत्ताच ठेवलास की फोन."

"मी? मी कुठं केलता फोन?"

"चेष्टा करतीस व्हय? चांगली घटकाभर बोललीस की. पेपर झाला, एस.टी.त बसलोय, आलोच म्हणालीस. शिरोळ मागं पडलं म्हणालीस. लई वर्षांनी घराकडं यायला लागलोय असं वाटतंय, असं पण म्हणालीस, तवा हसूच आलं मला. दार उघडं ठेव म्हणालीस, म्हणून ठेवलंय की."

प्रियदर्शनी उभी राहिली. पायऱ्यांवरचं ऊन, झाडं, येणारी-जाणारी मुलं, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं लांब झालं.

"अव्वा... दार लाव. आधी दार लाव. मी अजून कोल्हापुरातच आहे."

"काय म्हणतीस? जरा मोठ्यानं बोल की, तुझा आवाज का असा लांबनं येतोय?... थांब गं, कोण आलं बघते."

भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. आईची पावलं दाराकडे गेली. आणि फोनमधून, अंगणापलीकडून, प्रियदर्शनीला हाक ऐकू आली.

"अव्वा..."

आवाज अगदी स्वच्छ होता.